शॅम्पू बार: होळीपासून दिवाळीपर्यंत, नागपूरच्या पाण्यात

होळीच्या आधीपासून शॅम्पू बार, म्हणजे वडीसारखा घट्ट शॅम्पू, वापरून राहिले, आता दिवाळी झाली, म्हणजे आपला उन्हाळा, पावसाळा, ऑक्टोबर हीट सगळं त्यात आलं. केस माझे कमरेपर्यंत, दाट, आणि रविवारी तेल लागतंच. बार घ्यायचा विचार असेल तर माझं एकच सांगणं आहे, वास आणि पाकिटावरची हिरवी पानं राहू द्या, मागचं बारीक अक्षरातलं वाचा आणि आपल्या नळाला पाणी कोणतं येतं ते बघा.

कारण शॅम्पू बार या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे सरळ साबण, खोबरेल, एरंडेल, ऑलिव्ह अशी तेलं आणि कॉस्टिक सोडा यांपासून केलेला, बहुतेक हॅन्डमेड किंवा कोल्ड प्रोसेस म्हणून मिळतो. मागे सोडियम कोकोएट, सोडियम ऑलिव्हेट, सोडियम पामेट अशी नावं दिसली की समजायचं साबण आहे. दुसरा असतो सिंडेट, म्हणजे सिंथेटिक डिटर्जंट, त्यात यादीत वरच सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असतं, तेही नारळाच्या तेलापासूनच बनतं पण तो साबण नाही. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ९-१० च्या घरात असतो, आपल्या टाळूचा साडेपाचच्या आसपास. सिंडेट टाळूच्या जवळपास ठेवता येतो.

माझ्याकडे पहिला आला तो साबणवाला, एका प्रदर्शनातून, रिठा-शिकेकाईचा. आईकडे महाल भागात वापरला तर मस्त, केस हलके, मोकळे. तिथे कार्पोरेशनचं नळाचं पाणी, पेंच-कन्हान नद्यांचं. आणि तोच बार बेसाला आमच्या फ्लॅटमध्ये वापरला की केस चिकट, कंगव्याला पांढरट मेण लागल्यासारखं, कितीही धुवा जातच नाही. आमच्याकडे बोअरवेलचं पाणी, एवढं जड की उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पांढरा थर बसतो आणि गिझरचा रॉड तर बघवत नाही. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि त्याचा न विरघळणारा थर केसांवर बसतो, बाथरूमच्या टाइल्सवर बसतो तोच हा. बरेच जण म्हणतात केसांना सवय व्हायला महिनाभर लागतो, जुनं केमिकल निघून जातं वगैरे, पण बोअरच्या पाण्यात महिना काय वर्ष थांबलात तरी तो थर बसतच राहणार. शेवटी मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबू पिळून केसांवर ओतलं की बरंच सुटतं, हे मी करून बघितलं आहे, पण सकाळी ऑफिसच्या घाईत दर वेळी कोण करतं बापा.

मग सिंडेट आणला आणि त्याच बोअरच्या पाण्यात पहिल्याच दिवशी नीट फेस, केस धुऊन स्वच्छ. तेव्हापासून तोच. तेल लावलेलं असेल तर दोनदा धुवावं लागतं, एकदात खोबरेल निघत नाही. बार केसांवर खालपर्यंत घासत नेऊ नका, लांब केसांचा गुंता होतो, हातावर फेस करायचा, मुळांना चोळायचा आणि उतरणाऱ्या फेसावर बाकी केस धुवायचे.

नॅचरल, ऑरगॅनिक या शब्दांबद्दल पण बोलायचं आहे कारण त्यावरच पैसे घेतात. यादीत ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहिलेलं असतं, त्यामुळे समोर मोठ्या अक्षरात रिठा-आवळा-शिकेकाई आणि मागे ती नावं पार शेवटी, सुगंधाच्या शेजारी, असं असेल तर त्यात ती नावालाच आहेत. शिकेकाईच पाहिजे असेल तर इतवारीच्या बाजारात सुटी मिळते, ती आणा. अजून एक, सोडियम कोको सल्फेट. नारळापासून म्हणून नॅचरलच्या नावाखाली खपतं, पण आहे ते सल्फेटच, ज्यांना सल्फेटने टाळू कोरडी पडते त्यांनी हे नाव नक्की शोधा. खरंच ऑरगॅनिक हवं असेल तर कॉसमॉस किंवा इकोसर्ट या प्रमाणपत्रांचा शिक्का बघा, नुसता शब्द कोणीही छापतं. आणि कोंडा जास्त असेल तर बार बदलत बसण्यापेक्षा स्किनच्या डॉक्टरकडे जा.

प्रवासात मात्र याला तोड नाही. पुण्याच्या रात्रीच्या गाडीत, पचमढीला, बॅगेत बाटली सांडायची भीतीच नाही. बहिणीकडे दोहाला गेले तेव्हा तर फारच सोय झाली, आंतरराष्ट्रीय विमानात केबिन बॅगेत पातळ वस्तूंना १०० मिलीची मर्यादा असते आणि बार घट्ट असल्यामुळे त्यात येतच नाही. पूर्ण वडी नेऊ नका, सुरीने तुकडा कापून न्या. ओला बार डब्यात बंद केला की लगदा होतो, म्हणून आधी कोरड्या कापडावर ठेवायचा. पचमढीला पायवाटेवर शॅम्पूच्या पुड्या पडलेल्या दिसतात ना, त्या प्लास्टिक आणि पन्नीच्या थरांच्या असतात, वेगळ्या करून परत वापरात आणणं जवळपास होतच नाही. मला बार आवडायचं हे मोठं कारण आहे.

उन्हाळ्यात ४५ डिग्रीतही वितळला नाही, त्रास झाला तो जुलै-ऑगस्टमध्ये. बाथरूम सुकतच नाही, बार खालून मऊ पडत जातो आणि अर्धा पाण्यात वाहून जातो. भोकांची साबणदाणी, तीही बाथरूमच्या बाहेर खिडकीत, एवढं केलं तर बराच जास्त पुरतो. ४०० रुपयांच्या आसपासचा बार असा वाहून जाऊ देणं परवडत नाही.

कंडिशनर बारही आणला होता, तो काही जमला नाही. माझ्या लांबीला तो नीट पसरत नाही, टोकं कोरडीच राहतात, त्यामुळे कंडिशनर अजूनही बाटलीतलाच आणि प्रवासाला छोट्या डबीत काढून नेते. खांद्यापर्यंत केस असतील तर चालेल कदाचित, माझ्या भाचीला चालतो. साबणवाला उरलेला बार आईकडे ठेवला आहे, तिच्या नळाच्या पाण्यात तो छानच चालतो आणि तिला त्याचा वास पण आवडतो.