दोन गिगाबिटचा प्लॅन आधी, की घरातली वायर आधी?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मामांचा फोन आला. "दोन गिगाबिटचं फायबर द्यायला माणूस दारात उभा हाय. पोरगं तर नाचायलंय. घेऊ का नको, एका वाक्यात सांग." एका वाक्यात सांगता येईना, म्हणून रविवारी लॅपटॉप, वीस मीटर कॅट ६ (नेटची तांब्याची) वायर आणि एक अडॅप्टर पिशवीत टाकून त्यांच्याकडे गेलो. आदल्या दिवशी हेच सगळं माझ्या रुईकर कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये मोजून ठेवलं होतं. मामांचं घर जुनं आहे. तळमजल्याला दीड-दोन फुटी दगडी भिंती, वर लाकडी तुळयांची माडी. तिथे सध्या ३०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिटचा प्लॅन आहे. माझा फ्लॅट दोन खोल्या-हॉलचा, विटांच्या भिंतींचा, आणि प्लॅन १ जीबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला एक गिगाबिटचा (१००० मेगाबिट).

माझं मत आधीच सांगून टाकतो: घरात वायर नसेल तर मोठा प्लॅन घेऊ नका. वायर असेल तर मग पुढचा हिशेब वाचा.

मोठ्या प्लॅनने नेमकं काय मिळतं

बऱ्याच जणांचा घोळ बिट आणि बाइटमध्ये होतो. आठ बिटांचा एक बाइट. १ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट, १००० नव्हे. आता घरातली मागणी बघा. फोर-के सिनेमा बघायला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. चार टीव्ही एकाच वेळी लावले तरी ६०. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस. म्हणजे टीव्ही, मोबाइल, पोरांचा अभ्यास आणि घरून काम एवढ्यासाठी ३००सुद्धा ऐसपैस आहे.

मामेभावाची गोष्ट निराळी. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एका लग्नाचं कच्चं शूटिंग ३०० जीबीपर्यंत जातं आणि ते क्लाउडवर चढवावं लागतं. ३०० एमबीपीएसला सव्वादोन तास, १ जीबीपीएसला पाऊण तास, अडीच गिगाबिटला सोळा मिनिटं. कागदावर लोभ सुटावा असेच आकडे आहेत. पण त्याच्या फायली साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर आहेत. तशी डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या आसपास देते, म्हणजे सव्वा गिगाबिट. एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) घेतल्याशिवाय त्याच्या वरचा वेग त्या डिस्कमधून बाहेरच पडत नाही. पलीकडचा सर्व्हर तेवढ्या वेगाने घेतो का, हा प्रश्न उरतोच.

पैशांचं म्हणाल तर मोठ्या कंपन्यांच्या दरात ३०० एमबीपीएस महिन्याला दीड हजाराच्या आसपास बसतं, १ जीबीपीएस चार हजारांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी. फरक महिन्याला जवळपास तीन हजारांचा, वर्षाला पस्तीस हजारांचा. तेवढ्यात मामांच्या अख्ख्या घराचं वायरिंग होऊन वर चांगला राउटर येतो, आणि तो खर्च एकदाच.

डब्याच्या मागचा पोर्ट

फायबर घरात आलं की ते ज्या डब्यात शिरतं त्याला ओएनटी म्हणतात. आपण सगळे मॉडेम म्हणतो. आपल्याकडे घरोघरी चालते ती बहुतेक जीपॉन पद्धत. तिची एक लाइन खाली येताना सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाताना सुमारे १.२५ गिगाबिट नेते, आणि ती एकट्या तुमची नसते; स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. त्या लाइनवर दोन गिगाबिटचा प्लॅन विकायचा म्हणजे एका घराने गल्लीची सगळी ओंजळ उचलायची. खऱ्या अर्थाने मल्टि-गिगाबिट द्यायचं तर पुढची एक्सजीएस-पॉन लागते, जी दोन्ही दिशांना १० गिगाबिटची असते. म्हणून दारातल्या माणसाला पहिला प्रश्न हा: लाइन जीपॉन की एक्सजीएस-पॉन?

दुसरा प्रश्न डब्याच्या पाठीचा. साध्या गिगाबिट लॅन पोर्टमधून (घरातली वायर लावायच्या खाचेतून) प्रत्यक्षात ९४० एमबीपीएसच्या पुढे काही निघत नाही, बाकीचा वेग डेटाच्या पाकिटांच्या वेष्टनात जातो. डब्याला चारही पोर्ट गिगाबिटचेच असतील, तर दोन गिगाबिटच्या प्लॅनवर एका कॉम्प्युटरला ९४०च दिसणार. दोन पोर्टांना दोन कॉम्प्युटर लावले तर मिळून जास्त होईल, एवढाच काय तो दिलासा. डब्यावर २.५ गिगाबिटचा पोर्ट हवा. मागे स्वतःचा राउटर लावणार असाल तर त्याचा वॅन पोर्टही (नेट आत यायची खाच) तसाच हवा, आणि लॅपटॉपचाही. लॅपटॉपला नसेल तर यूएसबीचा २.५ गिगाबिट अडॅप्टर मिळतो. तो निळ्या, म्हणजे यूएसबी ३च्या खाचेत घाला. यूएसबी २ची कमाल मर्यादाच ४८० एमबीपीएस. तिथे लावून "अडॅप्टर भिकार आहे" म्हणणारे मी दोन पाहिलेत, त्यातला एक मी.

राउटरचा मेंदूही बघावा लागतो. पीपीपीओईने, म्हणजे युझरनेम-पासवर्ड टाकून जोडणी होत असेल, तर स्वस्त राउटर गिगाबिटला धापा टाकतो. त्यात कुणी "क्यूओएस" (कुणाच्या नेटला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) किंवा पालक-नियंत्रण चालू करून ठेवलं असेल तर हार्डवेअरचा शॉर्टकट बंद पडतो आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. ते आधी बंद करून बघा.

मेश वायफाय की कॅट ६

खरा निकाल इथे लागतो.

माझ्या फ्लॅटमध्ये हॉलमधल्या राउटरशेजारी बसून वायफाय ६च्या फोनवर ७००च्या पुढे मिळालं. एक भिंत ओलांडून बेडरूममध्ये चारशेच्या घरात. स्वयंपाकघरात फ्रीजच्या आड दीडशे. प्लॅन तोच, १ जीबीपीएस. वायर लावल्यावर तिन्ही ठिकाणी ९३०च्या पुढे.

मामांकडे डबा दिवाणखान्यात टीव्हीखाली. तिथे ३००. जिन्याने माडीवर, मामेभावाच्या टेबलाशी गेलो, तर ३८. मग खालून वीस मीटर वायर जिन्यावरून मोकळीच वर ओढली, लॅपटॉपला लावली: २९५. मामी खालून ओरडल्या, "वायर पायात यायलीया रे!" पण मामांना उत्तर तेवढ्यात मिळालं. दगड ३८च पलीकडे सोडत होता. खाली दोन हजार आले असते तरी वर ३८चे फार तर चाळीस झाले असते.

मेशचा, म्हणजे एकमेकांशी वायफायने जोडलेले डबे घरभर ठेवायचा मोह मला समजतो. भिंत फोडायची नाही, दोन डबे ठेवले की झालं. फ्लॅटमध्ये ते चालतंही. पण दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन वायफाय लहरींचा) मेश आपापसात बोलायला आणि तुमच्या फोनशी बोलायला तीच ५ गिगाहर्ट्झची वाट वापरतो, म्हणून दुसऱ्या डब्यावर वेग साधारण निम्मा होतो. खोक्यावर "३००० एमबीपीएस" लिहिलेलं असतं, ती सगळ्या बँडची बेरीज असते. साध्या फोनला ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर वायफाय ६चा कागदी वेग १२०१ मिळतो, हातात त्याच्या दोन तृतीयांश. म्हणजे मल्टि-गिगाबिट प्लॅनचा वरचा सगळा भाग वायफायवर बसणाऱ्याला दिसतच नाही. मेश घ्यायचाच असेल तर त्याचे डबे एकमेकांना वायरने जोडा. दोन्हीचा फायदा मिळतो.

वायर कोणती? २.५ गिगाबिटला चांगली कॅट ५ई सुद्धा १०० मीटर पुरते. २०१६ साली हे मानक आलं तेच मुळी जुन्या वायरी वाचवायला. नवी घेताय तर कॅट ६ घ्या, १० गिगाबिटही ५५ मीटरपर्यंत जाईल, आणि आपली घरं तेवढी लांब नसतात. कॅट ७, कॅट ८चा आग्रह धरणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा.

पण वायर तांब्याचीच हवी. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट रंगवताना मी स्वस्तातली घेतली. रंग वाळला, फर्निचर लागलं, लॅपटॉप जोडला, तर ९४. प्लॅन १ जीबीपीएस आणि स्पीड ९४! आठवडाभर फायबरवाल्या पोराला शिव्या घातल्या. तो बिचारा तिसऱ्यांदा आला, लॅपटॉपवर लिंक स्पीड (वायरीवर जुळलेला वेग) बघितला, तिथे १०० लिहिलेलं. म्हणाला, "दादा, आमची लाइन सोडा, तुमची जॅक बघूया." जॅक कापली. तपकिरी जोडीतली एक तार आतल्या आत तुटलेली. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एक गेली की पोर्ट गुपचूप १००वर उतरतो आणि नेट "चालू" असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. मग त्याने तीच तार ब्लेडने खरवडून दाखवली. वर तांबूस मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. दोनदा वाकवली की तुटली. तेव्हापासून मी दुकानातच टोक खरवडून बघतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

फ्लॅटमध्ये वायर ओढायला केबल टीव्हीचा जुना पाइप बहुधा मोकळा असतो. इलेक्ट्रिशियनच्या स्प्रिंगने त्यातून कॅट ६ तासाभरात जाते. लाइटच्या पाइपमधून मात्र नेऊ नका. जुन्या घरात दगड फोडण्याऐवजी तुळईच्या कडेने पट्टी मारून न्या. आणि दोन इमारतींच्या मधून, गच्चीवरून, तांब्याची वायर टाकायची नाही. वळवाच्या पावसात वीज जवळ कुठे पडली की ती दोन्हीकडची यंत्रं घेऊन जाते. तिथे फायबरच टाका. ते काचेचं असतं, आणि काचेतून वीज वाहत नाही.

एक तिसरा मार्ग लोकांना सुचतच नाही: वायर ओढण्याऐवजी डबाच हलवायचा. फायबर खांबावरून येतं, ते दिवाणखान्याच्या खिडकीतूनच आत यायला हवं असं काही नाही. जिथे काम चालतं तिथे थेट उतरवून घ्या. फक्त कोपऱ्यात काटकोनात दाबू देऊ नका. डब्याच्या सेटिंगमध्ये आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. जीपॉनला ती उणे ८ ते उणे २७ डीबीएममध्ये (प्रकाशाच्या जोराचं माप) लागते. उणे २६ दिसली तर पावसाळ्यात लाल दिवा (लाइन तुटल्याची खूण) बघायची तयारी ठेवा.

मोजायचं कसं

फोनवर मोजलेला आकडा हा वायफायचा आकडा. प्लॅन तपासायचा तर लॅपटॉप थेट डब्याला वायरने लावा, ब्राउझरऐवजी टेस्टचं ॲप वापरा, आणि सर्व्हर पुण्या-मुंबईचा निवडा. तिथे पूर्ण वेग आला की कंपनीचं काम संपलं, पुढचं तुमचं. तिथेच कमी आला तर तक्रार करा. रात्री नऊ-दहाला एकदा आणि पहाटे एकदा मोजलेलं हाताशी ठेवा. रात्रीच पडत असेल तर गल्लीतली वाटणी दाटलीय.

मामांनी शेवटी प्लॅन ३००चाच ठेवला. डबा दिवाणखान्यातून माडीवर, मामेभावाच्या टेबलाशेजारी गेला, आणि तिथून एक कॅट ६ खाली टीव्हीकडे उतरली, जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा डबा) करून. लाइट गेली तरी रेंडर (तयार झालेला व्हिडिओ) चढत राहावा म्हणून डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. मामेभाऊ दोन दिवस रुसला होता. दिवाळीनंतर लग्नसराईत दिवसाला दोन लग्नांचं शूटिंग चढवायची वेळ आली तर १ गिगाबिट घ्यायचं, पण आधी एसएसडी, असं दोघांत ठरलंय. बिलातला वरचा फरक तो भरणार.