पहिली ग्लॅम रॉक एलपी: बोलनची घ्यायची की बोवीची?

टर्नटेबल नवीन आहे, खिशात पैसे एकाच एलपीचे, आणि लंडनच्या बर्विक स्ट्रीटवर एखाद्या दुकानात तुम्ही दोन कव्हरं हातात घेऊन उभे आहात, मार्क बोलनच्या टी. रेक्स बँडची 'इलेक्ट्रिक वॉरियर' (१९७१) आणि डेव्हिड बोवीची 'झिगी स्टारडस्ट' (१९७२). दोन्ही ग्लॅम रॉक, म्हणजे चमकी, मेकअप आणि भडक कपड्यांचं रॉक. या रस्त्यावर माझे बरेच शनिवार गेलेत म्हणून सांगतो.

पटकन आवडेल ती टी. रेक्स. 'गेट इट ऑन' लागलं की पाय आपोआप हलायला लागतो, बोलनची गिटार तेच तेच वाजवते पण निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने बाकीच्या गाण्यांत स्ट्रिंग्ज अशा काही लावल्यात की 'कॉस्मिक डान्सर'सारखं साधं गाणं पण रेशमी होऊन जातं. शब्दांचा अर्थ लावत बसू नका, बोलनला तरी लागला असेल का शंकाच आहे. याच बाबाने १९७१ मध्ये बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्सवर डोळ्यांखाली चमकी लावून 'हॉट लव्ह' म्हटलं, आणि ग्लॅम तिथूनच सुरू झालं असं बरेच जण मानतात.

झिगीला मात्र वेळ द्यावा लागतो. पहिलंच गाणं 'फाइव्ह इयर्स', जगाकडे पाचच वर्षं उरलीत, सुरुवात नुसत्या ड्रम्सनी आणि शेवटाला बोवी अक्षरशः किंचाळतोय. मध्येच सुई उचलून चालत नाही, बसून ऐकायची रेकॉर्ड आहे. बोवीचा गिटारिस्ट मिक रॉन्सनचा 'मूनेज डेड्रीम'मधला सोलो ऐकताना शेजाऱ्यांचा विचार करू नका, कव्हरच्या मागे फुल व्हॉल्यूमवर वाजवा असं छापलंयच की! मला हे कळलं ते एलपी हातात आल्यावर, कारण त्याआधी माझ्याकडे होती काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली कॅसेट, आणि त्या एवढ्याशा कागदावर काय दिसणार, कप्पाळ. ते दुकान पण २०१६ ला बंद झालं.

कव्हरमध्ये माझ्या मते झिगी जिंकते. काळ्यावर सोनेरी रेघांचा बोलन झकासच आहे, पण झिगीचा फोटो हेडन स्ट्रीटचा, मूळचा ब्लॅक अँड व्हाइट, रंग नंतर हाताने भरलेत, आणि बर्विक स्ट्रीटवरून दहा-पंधरा मिनिटं चाललात की तुम्ही त्याच गल्लीत. गंमत म्हणजे 'इलेक्ट्रिक वॉरियर'च्या आतल्या स्लीव्हवरची चित्रं जॉर्ज अंडरवुडची, म्हणजे ज्याने शाळेत असताना पोरीवरून बोवीच्या डोळ्यावर बुक्का मारला तोच, त्या डोळ्याची बाहुली पुढे कायम मोठीच राहिली.

घरी चार मित्र येणार असतील तर टी. रेक्स, रात्री एकटेच हेडफोन लावणार असाल तर झिगी. मला विचाराल तर आधी टी. रेक्स, कारण बोवी तुम्ही आज ना उद्या घेणारच आहात, बोलन मात्र राहून जातो.

जुनी की रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा छापलेली? फक्त ऐकायचं असेल तर सरळ रीइश्यू घ्या. 'इलेक्ट्रिक वॉरियर'ची फ्लाय लेबलवरची पहिली ब्रिटिश कॉपी पोस्टरसकट यायची, पण सेकंडहँडमध्ये पोस्टर क्वचितच सापडतं, ते कुठल्यातरी पोराच्या भिंतीवर गेलेलं असतं. जुनीच हवी असेल तर रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धरून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. मी एकदा स्टिकरवर 'व्हेरी गुड' लिहिलेलं वाचून घाईत उचलली, आणि घरी 'लाइफ्स अ गॅस' एकाच ओळीवर अडकून बसलं, आता दरवेळी उठून सुईला हलकंसं बोट लावावं लागतं.