अण्णांची स्मरणिका छापून घेतली, त्याचा अनुभव (5 पैकी 5 स्टार)

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आत गेल्यावर जी छोटी डीटीपी आणि प्रिंटिंगची दुकानं आहेत त्यातल्या एका ठिकाणी आम्ही वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी स्मरणिका करून घेतली. 40 पानं, 200 प्रती, आतली 8 पानं रंगीत बाकी काळी-पांढरी, मॅप्लिथो कागद, सेंटर पिन (म्हणजे मधल्या घडीवर पिना), कव्हरला मॅट लॅमिनेशन. नगाला 95 रुपये पडले. दोन दिवस उशीर झाला पण कार्यक्रमाच्या आधी हातात मिळाली.

आधी आमच्या घराजवळच्या एका दुकानात काम दिलं होतं, तिथे फार वाईट वाटलं. अण्णांचा कव्हरचा फोटो त्यांनी "क्लीन" करून पाठवला आणि कपाळावरचा बुक्का डाग समजून पुसून टाकला. गोपीचंदनाची रेघ तेवढी ठेवली आणि मधला काळा ठिपका गायब. आईने मोबाईल हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली हे कोण? त्याच दिवशी काम काढून घेतलं.

इथल्या डीटीपीवाल्या ताईंनी मूळ फोटो मागवून परत स्कॅन केला. सुरकुत्या, बुक्का, गळ्यातली तुळशीची माळ, सगळं आहे तसं ठेवलं, फक्त फोटोला पडलेली घडी काढली. आम्ही मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, तो त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये घेताना "वारकऱ्यांना"चं सगळीकडे "वारकर्यांना" झालं होतं. आम्हाला कोणालाच दिसलं नाही, ताईंनी स्वतः एकेक शोधून नीट केलं. कोणाला करून घ्यायचं असेल तर प्रूफ कागदावर मागा, मोबाईलवर बघून ओके करू नका. आणि सेंटर पिन असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, आमची 38 भरत होती.

त्या दोन पानांसाठीच प्रेसवाल्या काकांनी विचारलं, वडील काय करायचे? मी सांगितलं एसटीत कंडक्टर, 1962 ला लागले आणि 1997 ला रिटायर झाले, घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी. मग काका म्हणाले, अहो आषाढीला तर एसटीवाल्यांच्या रजा बंद असतात, वारी कशी करायचे? आम्ही सगळ्यांनी लेख लिहिले होते, अण्णा प्रेमळ होते, शिस्तीचे होते, पण हे कोणीच लिहिलं नव्हतं हो.

खरं म्हणजे 35 वर्षं अण्णांना पायी वारी घडलीच नाही. दर आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्यांवर ड्यूटी. वारकऱ्यांना उतरवायचं, परतीचे भरायचे, गळ्यात पैशांची बॅग आणि हातात पंच, वेबिल म्हणजे तिकिटांचा हिशोब जुळवायचा, तिथूनच कळसाला हात जोडायचे आणि डबल बेल. आम्ही तिघी बहिणी लहान होतो, आईने शिवणकाम करून घर धरलं होतं, ओव्हरटाईम सोडून चालणार नव्हतं. पण एकादशी मोडली नाही, आणि मुक्कामाची गाडी असली की त्या गावच्या देवळात हरिपाठाला जाऊन बसायचे. रिटायर झाल्यावर 1998 ला पहिल्यांदा आळंदीहून चालत निघाले तेव्हा आईसुद्धा बरोबर होती.

आणि 2020. कोरोनामुळे पायी वारी रद्द झाली आणि माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला नेल्या. अण्णा तेव्हा 81 वर्षांचे, गुडघे गेलेले. टीव्हीवर गाडी दिसली तसे काठीचा आधार घेऊन उठले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "माउली आमच्या गाडीत बसली गं." एवढंच बोलले आणि खूप रडले. मला वाटतं इतक्या वर्षांची सगळी वारी त्यांना त्या दिवशी मिळाली.

ते मी काउंटरवर उभ्या-उभ्याच लिहून दिलं. काकांनी डाव्या पानावर अण्णांच्या कंडक्टरच्या बिल्ल्याचा फोटो घेतला, नंबर वाचता येईल एवढा मोठा, आणि उजव्या पानावर हा मजकूर. बिल्ला पितळेचा आहे, घासून घासून कडा गुळगुळीत झाल्यात, ते फोटोत कळतंय. ह्या दोन पानांचे पैसे घेतले नाहीत.

आईची नजर अधू झालीय म्हणून तिच्यासाठी एक प्रत मोठ्या अक्षरात वेगळी काढून दिली, ती पण न सांगता. संध्याकाळी हरिपाठ झाला की आई ती घेऊन बसते आणि बिल्ल्याचं पान उघडून नंबरावरून बोट फिरवते.