कडकनाथ म्हणून विकलेल्या सहा कोंबड्या आणि माझे 17,750 रुपये

घरच्या अंड्यांसाठी चार-सहा कोंबड्या पाळू पाहणाऱ्या इंदूरच्या मराठी मंडळींनी हे अवश्य वाचावे, कारण मला फसवणारा माणूस आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप गटांत वावरतो, स्वच्छ मराठी बोलतो आणि पहिल्याच फोनवर "काकू, आपल्या माणसांना मी फसवेन का?" असे विचारतो. व्यवहाराआधीच जो हा प्रश्न विचारतो, त्याचा फोन तिथेच ठेवून द्यावा.

हिशेब असा: अंड्यावर आलेल्या सहा कडकनाथ (पिसांपासून कातडी-जिभेपर्यंत काळी असणारी झाबुआकडची जात) तलंगांचे, म्हणजे तरुण कोंबड्यांचे, प्रत्येकी 1,200 प्रमाणे 7,200 रुपये, कोंबड्याचे 1,500, जाळीच्या खुराड्याचे 6,800, खाद्य व लसीकरणाचे 1,350 आणि गाडीभाडे 900. एकूण 17,750 रुपये, सगळे आगाऊ आणि तेही "मेहुण्याच्या" यूपीआय खात्यावर. यातला कोंबडा तर मुळातच अनावश्यक होता, कारण कोंबडी अंडी कोंबड्याशिवायही देते. पिल्ले काढायची असतील तरच तो लागतो.

मी भोळेपणाने पैसे दिले, असे कोणी समजू नये. सांगलीकडचा 2019 साली उघडकीस आलेला कडकनाथ घोटाळा मी वाचला होता, त्यातही असेच आमिष होते, म्हणून "अंडी आम्हीच परत विकत घेऊ" ही त्याची योजना मी साफ नाकारली आणि फक्त पक्षी मागितले. त्यावर त्याने झाबुआच्या कडकनाथला 2018 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या प्रमाणपत्राची रंगीत प्रत पाठवली. ते मानांकन तिथल्या कडकनाथच्या मांसाला आहे. कोणी टेम्पोतून आणलेल्या कोंबडीची त्याने हमी मिळत नाही.

पक्षी दिवेलागणीला आले. अंधार पडू लागला की कोंबड्या शांत राहतात, हे त्याचे म्हणणे खरेच आहे, म्हणून मला शंका आली नाही. ओसरीतल्या दिव्याखाली त्याने कोंबड्याची चोच उघडून काळी जीभ दाखवली, काळा तुरा दाखवला, पिसे फुंकून खालची काळपट कातडी दाखवली. तेवढ्यात मे महिन्याच्या उकाड्याने धापा टाकणाऱ्या एका कोंबडीने माझ्या समोरच चोच वासली आणि आतली जीभ गुलाबी दिसली. शिवाय चोचीचे टोक आडवे कापलेले होते. मी दोन्हींबद्दल विचारले. "अंडी सुरू झाली की जीभ काळी पडते, आणि चोच प्रवासात झिजली," असे त्याने सांगितले. त्या एका उत्तरावर पक्षी परत टेम्पोत चढवायला हवे होते, याचा संताप आजही होतो; पण ज्याने आताच एका पक्ष्याचे तोंड स्वतः उघडून दाखवले, तो उरलेल्या सहांबद्दल खोटे बोलत असेल असे कोणाला सुचले असते? शिवाय "अंड्यावर आलेल्या" म्हणून विकलेल्या कोंबड्यांची अंडी अजून सुरू व्हायची आहेत, ही विसंगती तिथे उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्याही लक्षात आली नाही.

चोच कापतात ती व्यावसायिक लेयर फार्मवर (फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे), एकमेकींना टोचू नये म्हणून. अशा कोंबड्या साधारण 72 ते 80 आठवड्यांच्या झाल्या की अंडी कमी होतात आणि त्या मिळेल त्या भावाने काढून टाकतात. त्याच पांढऱ्या, म्हाताऱ्या कोंबड्या काळ्या रंगात बुडवून मला तलंगा म्हणून विकल्या होत्या. त्या मातीत लोळू लागल्या तसा पिसांचा रंग उतरला आणि मुळाशी पांढरी पिसे दिसू लागली. पुढे एकीने कसेबसे एक अंडे घातले, तेही पांढरेशुभ्र. कडकनाथचे अंडे फिकट तपकिरी असते. काळे अंडे कोणतीच कोंबडी देत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. लसीकरणाच्या कार्डावर मानमोडीच्या लसीपुढे फक्त बरोबरची खूण होती, तारीख नाही. दोन कोंबड्या मान वाकडी होऊन मेल्या.

यानंतर जे झाले ते फसवणुकीहून संतापजनक होते. पोलीस ठाण्यातले मुन्शी म्हणाले, "मैडम, मुर्गी आई ना? फिर ठगी कैसी?" भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीबद्दलच आहे, हे मी सांगितल्यावर त्यांनी मला सायबर शाखेत पाठवले. सायबर शाखेने माल हाती आला असल्याने हा ग्राहकाचा वाद आहे असे ठरवून परत ठाण्यात पाठवले. ठाण्याने मग कोंबड्यांची जात सिद्ध करणारा कागद मागितला. सरकारी पशुचिकित्सालयातले डॉक्टर पक्षी पाहताच हसले आणि "ये तो लेयर है" म्हणाले, पण तेच चार शब्द लिहून द्यायला तयार झाले नाहीत, कारण जातीचा दाखला देणे त्यांच्या अधिकारात नाही. म्हणजे जे डोळ्यांना दिसते ते लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि लिहिल्याशिवाय तक्रार नाही! ग्राहक तक्रारीसाठी विक्रेत्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे "पक्षी नग 7" एवढीच चिठ्ठी आहे.

दिवसाउजेडी, प्रत्येक पक्षी हातात घेऊन, चोच उघडून आणि पिसे मुळापर्यंत बाजूला सारून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या गुदद्वाराखालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात, तेही तपासा. पक्षी आलेच नाहीत तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करा. शक्य असल्यास झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राकडेच चौकशी करा. त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे. भाव आता 1,400 केला आहे आणि "समाधानी ग्राहक" म्हणून लावलेल्या छायाचित्रातली ओसरी माझी आहे.