नवी मोठी स्कूल बस: धाकटीला पाच स्टार, थोरल्याला दोन

जूनपासून आमच्या रूटच्या व्हॅन बंद झाल्या आणि पन्नास सीटची मोठी पिवळी बस आली, भांडुप पश्चिम ते पवई. माझी दोन्ही जातात, धाकटी तिसरीत, थोरला नववीत. सोसायटीत जो तो विचारतोय की बस लावू का व्हॅनच बरी, म्हणून एकदाच लिहून टाकते.

व्हॅनपेक्षा कितीतरी बरी, त्यात वादच नाही. व्हॅनमध्ये मधे फळी टाकून जास्तीची पोरं बसवायचे आणि दप्तरं टपावर, पावसात सगळी पुस्तकं लगदा. इथे खिडक्यांना आडवे बार आहेत, स्पीड गव्हर्नर आहे, म्हणजे गाडी ठरलेल्या वेगाच्या वर पळतच नाही, आणि पोरांना सांभाळायला मावशी आहेत. २०११ चे महाराष्ट्राचे स्कूल बसचे नियम आहेत त्यात हे सगळं लिहिलेलंच आहे म्हणा, पण लिहिलेलं असणं आणि गाडीत असणं यात फरक असतो ना. मावशींकडे तर पिशवीत आलेपाक असतो, गांधीनगर जंक्शनला मेट्रोच्या कामात गाडी अडकली की मळमळणाऱ्या पोरांना एक एक वडी. यांचे मार्क वेगळे, दहापैकी अकरा.

आता सीटचं. एका बाजूला तीनची, एका बाजूला दोनची, म्हणून तर पन्नास बसतात. पालक मीटिंगच्या दिवशी बस शाळेबाहेर उभी होती तेव्हा मी आत चढून तीनची सीट वितीने मोजली, जेमतेम पाच वीत भरली. तिसरीतल्या तीन मुली त्यात गप्पा मारत आरामात बसतात, मधे डबाही उघडतात. नववीतली तीन मुलं बसली की कडेचा अर्धा पॅसेजमध्ये, एक पाय बाहेर, ब्रेक लागला की समोरच्या सीटचा दांडा धरायचा. आणि गुडघे! पुढच्या सीटच्या मागे पत्रा आहे, थोरल्याच्या दोन्ही गुडघ्यांवर सारख्या उंचीवर काळेनिळे डाग, मला आधी वाटलं मारामारी करून आलाय. सीट बनवणाऱ्याने बहुतेक सगळी मुलं तिसरीतलीच धरली असावीत.

दप्तर ठेवायला वर रॅक आहे पण नववीचं दप्तर त्यात शिरत नाही, मग मांडीवर. पाण्याच्या बाटल्या खाली, आणि त्या चढावर मागे उतारावर पुढे अशा घरंगळत फिरतात, शाळा येईपर्यंत कोणाची बाटली कोणाकडे असते काही पत्ता नाही.

शेवटची रांग टाळा. मागच्या चाकाच्या पुढे बसलं तर ठीक, चाकाच्या मागे जो भाग लोंबतो तिथे प्रत्येक खड्ड्याला पोरं उडतात. त्यात गाडीला पाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या खालच्या लोखंडी पट्ट्या, त्या भरलेल्या गाडीच्या वजनाला धरून कडक केलेल्या, म्हणजे परतताना अर्धी बस रिकामी झाली की उलट जास्तच आदळते, आणि आमचा स्टॉप शेवटून दुसरा. पुढे बसवा म्हणावं तर इंजिन पुढेच, ऑक्टोबरात ड्रायव्हरकाकांच्या बाजूची सीट अक्षरशः तव्यासारखी. मधल्या रांगा बेस्ट, पण त्या ज्यांचा स्टॉप आधी त्यांच्या.

अजून एक, मोठी बस टेंभीपाड्याच्या चढावर वळत नाही. व्हॅन दारात यायची, आता एलबीएस रोडला सहा दहाला उभं राहायचं म्हणजे पाच वाजता उठणं आलं, पावसाळ्यात छत्री, दप्तर आणि झोपलेली धाकटी असं तिन्ही घेऊन उतरायचं. फी महिना २८०० आणि मे महिन्याचीही घेतात, बस उभी असते तरी! यावर मी बोललेय, उत्तर आलं नाही.

सीटवर मात्र आलं. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधीही असतो, तिथे आम्ही चार आयांनी लेखी दिलं की आठवीच्या पुढच्यांना दोनची बाजू द्या आणि मागची रांग दर आठवड्याला बदला. तोंडी सांगून काही होत नाही, लेखीच द्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर थोरला दोनच्या सीटवर बसतोय, मागची रांगही बदलतेय. गुडघे अजून पत्र्याला लागतातच, त्याला मी जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून दिलाय, तो म्हणे सगळ्यांसमोर लाज वाटते, पण दप्तरात असतो.