सरकारी तारे की संघटनेचा पुरस्कार?

अमेरिकेत नर्सिंग होम, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची दीर्घकाळ देखभाल करणारी संस्था, निवडताना दोन खुणा दिसतात. सरकारी पंचतारांकित मानांकन २००८ पासूनचं. तपासणी, कर्मचारीसंख्या आणि गुणवत्तेचे निर्देशक यांवरून ते ठरतं आणि ते मागावं लागत नाही. १९९६ पासूनचा राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार नर्सिंग होमच्याच संघटनेचा: कांस्य, रौप्य, सुवर्ण. अर्ज करणाऱ्यांनाच तो मिळतो. सुधारणेची शिस्त त्यातून कळते, आणि ती मोलाचीच.

माझा कौल ताऱ्यांना, त्यातही कर्मचारीसंख्येला. निर्देशकांतले बरेच आकडे संस्था स्वतःच भरते. ही संख्या मात्र पगारपत्रकाच्या नोंदींवरून येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली नाही तर जखमा होतात. त्यासाठी हात हवेत, रविवारीसुद्धा. शनिवार-रविवारची कर्मचारीसंख्या मानांकनाच्या सरकारी संकेतस्थळावर वेगळी दिसते; आधी तीच पाहा.