पदवीधरची मतपत्रिका: पद्धत उत्तम, समजावणारं कुणी नाही

पाचपैकी साडेतीन तारे. १ डिसेंबर २०२०ला विधान परिषदेच्या औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघासाठी (इथे मतदार फक्त पदवीधर) मी अंबाजोगाईत मत दिलं, त्या अनुभवावर हे लिहितेय.

इथे मशीन नाही, कागद. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केच पेननेच पहिल्या पसंतीच्या नावासमोर १ लिहायचा, तो लागतोच. मग वाटलं तर २, ३ असं पुढे. मी नोकरभरतीवर तळमळीने बोलणाऱ्या अपक्षाला १ दिला आणि पक्षाच्या उमेदवाराला २. विधानसभेला असं केलं की घरचेच म्हणतात, ‘मत वाया घालवलंस.’ इथे वाया जात नाही. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त कुणालाच मिळालं नाही तर तळचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. मनातलं मत न भिता देता आलं, याचं मला फार मोल वाटतं. १९६९ला व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले तेही दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावरच.

तारे कापले ते माहितीसाठी. बाहेर टेबल मांडून बसलेले कार्यकर्ते सगळ्यांना सांगत होते, ‘नुसता १ टाका, बाकी कोरं सोडा.’ म्हणजे तो उमेदवार बाद झाला की तुमचा कागद तिथेच थांबला! आत सूचनांचा कागद कोपऱ्यात, बारीक अक्षरात. माझ्या पुढच्या काकांनी ‘बरोबरची खूण करू का?’ विचारलं तर कर्मचाऱ्याने मानसुद्धा वर केली नाही. खूण केली असती तर मत बाद. मीच त्यांना सांगितलं, ‘काका, आकडा लिहा.’

नोंदणीही जाचक आहे. दर निवडणुकीला यादी नव्याने होते, नमुना १८ हा नोंदणीचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. माझी भावजय बीएस्सी, आधीच्या यादीत नाव होतं म्हणून निर्धास्त राहिली आणि मताला मुकली.

आणि सामान्य मतदारांपैकी ही सोय फक्त पदवीधर, शिक्षकांनाच का? सरपंच थेट निवडतो आपण. पाच जण उभे राहिले की तिसरा हिस्सा मतं घेणाराही गावाचा कारभारी होतो. पसंती लावायला पदवी लागत नाही. घरोघरी स्थळं बघताना पहिलं, दुसरं ठरतंच की. कायदा बदलून ग्रामपंचायतीपासून सुरुवात करा. त्याआधी तहसीलच्या दारात मोठ्या अक्षरातली नमुना मतपत्रिका लावा, अर्धा तारा लगेच वाढवते.